आप्पा धुरींची रॉकेलची काळजी

आधी माफी मागतो. लिहिण्याचा तुला अधिकार काय, असं कोणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्याआधीचं आमचं सगळं साहित्य मनीऑर्डरच्या तळाशी असलेल्या कोऱ्या जागेत मावत असे, आणि 'इकडील सर्व ठीक' याच्या पुढे ते कधी गेलं नाही. बरं, मी लिहिणार तेही आप्पा धुरींबद्दल, जे सगळ्या जगाबद्दल बोलतात. पण ते स्वतः लिहिणार नाहीत आणि सोसायटीत बाकी कोणाला वेळ नाही. तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्यावं.

तर आप्पा धुरी रोज सकाळी वर्तमानपत्राचं गाऱ्हाणं घालतात.

गाऱ्हाणं म्हणजे काय, ते ज्यांचं गाव कोकणात नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे काही कार्य निघालं की एक जाणता माणूस हातात नारळ घेऊन देवासमोर उभा राहतो आणि खणखणीत आवाजात सगळ्यांच्या अडचणी सांगतो. प्रत्येक मागणीनंतर जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा!' म्हणायचं. हे कोणी म्हटलं नाही तर ती मागणी देवाकडे जातच नाही. सहीशिवायचा अर्ज पडून राहावा तशी ती पडून राहते.

चारकोपला आमच्या सोसायटीच्या बैठ्या खोल्या एका अंगणाभोवती आहेत. अंगणात एक शेवगा आणि एक नळ. सकाळी पाणी येतं तेव्हा सगळं अंगण बादल्या घेऊन उभं असतं, आणि पाण्याची धार इतकी बारीक की श्रोत्यांना पळून जाता येत नाही. ही वेळ आप्पांनी बरोबर हेरली आहे. ते चपला काढतात, पेपर उघडतात आणि मोठ्याने वाचतात. देशातली किंवा परदेशातली वाईट बातमी आली की पेपर काखेत मारून गाऱ्हाणं सुरू. रोज नारळ परवडत नाही, म्हणून हातात चहाचा पेला.

"बा देवा म्हाराजा! ह्ये दोन मोठ्ये देश एकमेकांका बॉम्ब दाखवतत. तेंच्या पुढाऱ्यांका पोटभर जेवक घाल, म्हणजे गुमान निजतले, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बादल्या म्हणतात.

सगळ्यात मोठा आवाज कांतिभाईंचा. कोपऱ्यावरचं किराणा दुकान त्यांचं. ते मूळचे भावनगरकडचे, पण गाऱ्हाण्याला त्यांनी एकदाही खाडा केलेला नाही. कारण 'व्हय म्हाराजा' न म्हणणाऱ्याला आप्पा नंतर पेपर वाचायला देत नाहीत, आणि कांतिभाईंचा पेपरवर पैसे खर्च करण्यावर विश्वास नाही.

बॉम्बवर जेवण हा उपाय आप्पांनी गमतीने सांगितलेला नाही. जगातली प्रत्येक घडामोड स्वयंपाकघरातून सुरू होते, असं त्यांचं ठाम मत आहे. "जेवाण बिघाडला काय राज्य बिघाडला," हे त्यांचं पालुपद. मंत्रिमंडळ पडलं? कोणाच्या तरी घरी भाकरी करपली असणार. आप्पा आणि माझे वडील एकाच कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. संप झाला, गिरणी पुन्हा उघडली नाही, माझे वडील वॉचमन झाले. त्या संपावर मोठमोठ्या विद्वानांनी लिहिलं आहे म्हणतात. आप्पांचा निष्कर्ष एका वाक्याचा आहे: "गिरणी कशान बुडाली? कॅन्टीनच्या आमटीन."

स्वयंपाकाचं एवढं ज्ञान असलेला हा माणूस स्वयंपाकघरात पाऊल मात्र टाकत नाही. त्याने पुरुषाला कमीपणा येतो. आप्पा खिडकीबाहेर लोखंडी खुर्ची टाकून बसतात आणि तिथून कारभार चालवतात.

"तिरफळां घातलंस?"

"घातलंय," आतून आप्पांची बायको, म्हणजे आमच्या काकी.

"मीठ?"

"तुमी येवन घाला."

"पुरुष माणूस पळी धरता काय?"

"मग जीभ तरी आवरून धरा!"

काकींचं म्हणणं असं की यांचं गाऱ्हाणं देवाला ऐकू जातं, परदेशात ऐकू जातं, फक्त यांच्या स्वतःच्या डोक्यात शिरत नाही.

अशा घरात विलास जन्माला आला. आप्पांचा एकुलता एक मुलगा. त्याने कुठेतरी पर्मनंट चिकटावं म्हणून आप्पांनी साऱ्या ओळखी वापरल्या, आणि विलास हॉटेलचा स्वयंपाक शिकून तेलाच्या जहाजावर कूक म्हणून लागला. ज्या घराण्यात पुरुषाने कधी पळी धरली नव्हती, त्या घराण्याचा दिवा आता आखातात खलाशांसाठी कांदे चिरणार होता! निघायच्या आदल्या दिवशी विलासने सगळ्या अंगणासाठी बांगड्याचं तिखलं केलं. मीही जेवलो. तसं तिखलं मी नंतर खाल्लेलं नाही. आप्पांनी एक घास घेतला, म्हणाले, "मीठ नाय," आणि ताट सारून उठले. बाप मुलाशी शेवटचं बोलला ते एवढंच. त्यानंतर दोन शिमगे झाले, तरी आप्पांनी विलासचं नाव घेतलं नव्हतं.

नाव घेत नसत हे खरं, पण विलास गेला आणि आप्पांना रॉकेलची काळजी लागली.

तिकडे आखातात दोन देशांची लढाई चाललेली, आणि तेलाच्या जहाजांवर मारा होतो हे सगळ्यांना ठाऊक. रोजच्या गाऱ्हाण्यात आता एक मागणी पक्की झाली: "तेलाच्या आगबोटींका सुखरूप वाट दी, रे म्हाराजा!" कोणी बघितलं तर आप्पा लगेच खुलासा करत, "रेशनचा रॉकेल थयसूनच येता. गरिबांच्या चुली बंद पडतले." धुरींकडे तेव्हा नुकताच गॅस आला होता. पण गरिबांचा एवढा कळवळा बघून कोणी काही बोलत नसे.

मी कॉलेजातून आलो की ते हाक मारत. "काय रे प्रोफेसर, तुझो इंग्लिश पेपर काय म्हणता आखातातला?" मी लायब्ररीत वाचलेलं सांगे. "खलाश्यांका काय झाला-बिला?" मी नाही म्हणे. "नाय, म्हणजे खलाशी नसले तर रॉकेल कोण आणतलो?" असं म्हणून ते खुर्चीत मागे टेकत.

विलासची पत्रं काकींच्या नावाने येत. ती वाचायला त्या मला बोलवत. पत्र निघालं की आप्पा उठून बाहेर जात, म्हणजे बरोबर खिडकीखाली. काकी मला सांगत, "मोठ्यान वाच रे बाबा. माका ऐकूक कमी येता." काकींना चार खोल्या पलीकडे फोडणी चरचरलेली ऐकू येते. मी घसा ताणून वाचत असे. एकदा विलासने लिहिलं होतं की कॅप्टनला पिठलं आवडलं. खिडकीबाहेर आप्पा शेवग्याला म्हणाले, "लसूण ठेचून घातल्यान काय चिरून, ता लिवक नाय." उत्तरंही मीच लिही. एकदा काकींना न विचारता मी शेवटी एक ओळ घातली: 'आप्पा रॉकेलच्या फार काळजीत असतात.'

मग एके सकाळी आप्पा नेहमीसारखे वाचत होते. "आखातात तेलवाहू जहाजाक आग. जहाजावर काही भारतीय..." इथे ते थांबले. पान उलटलं. पुढे क्रिकेट वाचलं, सोन्याचा भाव वाचला, सिनेमाच्या जाहिरातीसुद्धा वाचल्या, आणि पेपर घडी करून कांतिभाईंच्या हातात दिला.

"आप्पा, व्हय म्हाराजा बाकी छे," कांतिभाई म्हणाले.

"आज नाय," आप्पा म्हणाले आणि आत गेले. नळाखालची बादली भरून वाहायला लागली तरी कोणी नळ बंद केला नाही.

पेपरात जहाजाचं नाव नव्हतं. मी कॉलेजात जाऊन इंग्रजी पेपर उलटेपालटे केले, त्यांतही नव्हतं. आप्पा फाटकापाशी उभेच होते. मी नाही म्हणून मान हलवली. "बरा," ते म्हणाले, "हिका बोलू नको." काकींना काही कळू द्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. बोलण्यात कोणी त्यांना पकडलं नसतं. पण ते जेवताना पकडले गेले.

दुसऱ्या दिवशी काकी आमच्या दारात आल्या. हाताला पीठ तसंच होतं. "काल ह्येंनी आमटी खाल्ली, काय बोलाक नाय," त्या म्हणाल्या. "आज मी मुद्दाम मीठ घालूक नाय. इचारलंय, कशी झाली? तर म्हणतत, 'बरी आसा.'" त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "खरा सांग. पेपरात काय छापून इलाहा?"

मला खोटं बोलता येत नाही. कॉलेजात अजून ते शिकवलेलं नाही. मी सांगितलं. त्या रडल्या नाहीत. पदराने पीठ पुसलं, घरी गेल्या आणि आपल्याला काही कळलंय असं आप्पांना दाखवलं नाही. दोघं एकमेकांपासून एकच बातमी लपवत अळणी जेवत राहिली.

त्यानंतर एका दुपारी मी कॉलेजातून लवकर परतलो. नळ कोरडा, अंगण रिकामं. शेवग्याखाली आप्पा एकटेच उभे होते. चपला काढलेल्या. हातात चहाचा पेला नव्हता. नारळ होता. मी फाटकाशीच थबकलो.

"बा देवा म्हाराजा," ते म्हणत होते. रोजचा खणखणीत आवाज नव्हता. "माज्या झिलान बांगड्याचा तिखला केल्लान. मीठ बराबर होता. मी खोटा बोललंय. ता खोटा माज्या पदरात घाल, तेच्या नको. माज्या विलासाक सुखरूप ठेव, रे म्हाराजा."

आणि ते थांबले. सवयीने. अंगणात 'व्हय' म्हणायला कोणी नव्हतं. आप्पा नारळ घेऊन तसेच उभे राहिले. त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं की हे म्हटल्याशिवाय काही पोचत नाही! मी म्हणायला फाटकातून एक पाऊल पुढे टाकलं.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून काकींचा आवाज आला. "व्हय म्हाराजा."

आप्पांनी वळून बघितलं नाही. नारळ शेवग्याच्या बुंध्याशी ठेवला आणि खुर्चीत जाऊन बसले.

त्यानंतरही दिवस तसेच गेले. गाऱ्हाणं बंद, पेपर सरळ कांतिभाईंकडे. पेपर फुकट मिळूनही कांतिभाईंना तो वाचवेना, हे मी प्रथमच पाहिलं.

एका संध्याकाळी दुकानातून कांतिभाईंनी हाक मारली. "दोड, दोड! ट्रंक कॉल छे!" मी अनवाणी धावलो. तारेत समुद्र घुसल्यासारखा आवाज येत होता, पण बोलणारा विलासच होता. जळालेलं जहाज दुसरं, त्यांच्या पुढे चाललेलं. यांचं बंदराबाहेर अडकून पडलं होतं, आज धक्क्याला लागलं. मी म्हटलं, थांब, काकींना बोलावतो. तो म्हणाला, पैसे संपतायत, ऐक फक्त. आणि घाईघाईने जे सांगायचं ते सांगून त्याने फोन ठेवला.

मी अंगणात आलो. आप्पा खिडकीबाहेरच्या खुर्चीत. माझ्याकडे न बघता शेवग्याकडे बघत बसलेले. त्यांना ओलांडून मी दाराशी गेलो. धाप लागलेली. "काकी, विलासचा फोन होता."

काकी गॅसपाशी उभ्या होत्या. त्यांनी हातातली पळी खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं, मग खिडकीबाहेर दिसणाऱ्या पांढऱ्या डोक्याकडे.

"मोठ्यान सांग रे बाबा," त्या म्हणाल्या. "माका ऐकूक कमी येता."

मी खिडकीकडे तोंड केलं आणि सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं ओरडलो, "विलास बरा आहे! आणि त्याने निरोप दिलाय, आप्पांना सांग, रॉकेल सुखरूप आहे!"