कोंडाबाईचं अपील

झरी गावाच्या चावडीतल्या वाचनालयात रहस्यकथांची अकरा पुस्तकं होती आणि अकराही पुस्तकांच्या पहिल्याच पानावर खुन्याचं नाव लिहिलेलं होतं. हे काम माणिकराव पेशकारांचं. त्यात त्यांचा वाईट हेतू नव्हता. जिल्ह्याच्या कचेरीत न्यायाधीशांच्या शेजारी बसून त्यांनी तीस वर्षं खटल्यांच्या मिसली, म्हणजे कागदांच्या फायली, उर्दूत वाचून दाखवल्या होत्या. मिसलीत हुकूम वरच्या कागदावर असतो, तेव्हा पुस्तकातही तो पहिल्या पानावरच हवा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

निजामी गेली, कारभार मराठीत आला आणि पेशकार गावी येऊन राहिले. मराठी वाचन त्यांनी साठीत पक्कं केलं ते या रहस्यकथांवरच. तरीही या पुस्तकांविषयी त्यांचं मत बरं नव्हतं. पंचनामा कुणी करत नाही, साक्षीदाराला शपथ कुणी देत नाही, आणि शेवटच्या पानावर गुन्हेगार न विचारताच कबुली देऊन मोकळा होतो! असल्या कबुलीवर माणूस फासावर जाणं पेशकारांना मंजूर नव्हतं. लेखकानं पकडलेल्याला ते बाइज्जत सोडून देत आणि खरा कसूरवार स्वतः ठरवत. तीस वर्षांत ‘पेशकार, तुमचं काय मत?’ असं त्यांना कुणी एकदाही विचारलं नव्हतं. आता मत द्यायला मिळत होतं आणि ते मनापासून देत होते.

एका गुरुवारी वाचनालयाचे चिटणीस बन्सीधर मास्तर रजिस्टर उघडून त्यांच्यापुढे बसले.

“पेशकारसाहेब, सोमवारी परभणीहून तपासनीस साहेब यायलेत. दोन महिन्यांत आपल्याकडं वाचक एकच. तुमी.”

“एक तर हाय ना?”

“दुसरं कुणी पुस्तकाला हात लावंना. खून कुणी केला ते उंबऱ्यातच कळलं, आता आत कशाला जायाचं, असं म्हनतेत लोक. साहेबांनी हे बघितलं तर कपाट उचलून पालमला नेतील.”

पेशकारांचा चेहरा उतरला. पुस्तकं गेली तर दिवसभर करायचं काय, हा प्रश्न त्यांना गावी आल्यापासून पहिल्यांदाच पडला.

“पहिल्या पानांवर कोरा कागद डकवू,” मास्तर म्हणाले. “खळ आनलीय मी.”

“फैसल्यावर खळ? मास्तर, जीव गेला तरी ते होनार न्हाई. ज्याला कबूल नसंल त्यानं अपील करावं.”

“अन् अपील कोन करनार?”

“मी करते,” दारातून आवाज आला.

दारात कोंडाबाई उभी होती. ती नवऱ्याबरोबर शेळ्यामेंढ्या राखायची आणि मागच्या हिवाळ्यात मास्तरांच्या प्रौढ वर्गात अक्षरं शिकली होती. वर्ग सुटला की चावडीतच बसून, ओळीवर बोट ठेवून, तिनं दीड महिन्यात एक पुस्तक संपवलं होतं. घरी नेलं नव्हतं, म्हणून रजिस्टरात तिचं नाव नव्हतं.

“मी वाचलं त्या पुस्तकातल्या आत्याबाईवर तुमी खून घातलाव, सायब. वैद्यानं म्हाताऱ्याला शेळीचं दूध सांगितलं. आत्या सांजच्याला पावनी म्हनून आली, सकाळी तिनं धार काढली अन् त्यात इख कालवलं. असंच ना?”

“असंच. दिवाणजीची कबुली मी धरीत न्हाई.”

“धार कुनी काढली ते पुस्तकात न्हाई. ते तुमी घातलाव. नव्या मानसाला शेळी पान्हा सोडती व्हय?”

पेशकार सवयीनं म्हणाले, “हे तोंडी झालं. पुरावा सोमवारी हजर करा.”

मास्तरांनी कपाळावर हात मारला, पण सोमवार पेशकारांच्या तोंडातून निघून गेला होता.

अपिलाची बातमी गावभर झाली. आपणही एखादं अपील करावं असं अनेकांना वाटू लागलं. अपील करायचं तर आधी पुस्तक वाचायला हवं, किंवा कुणाकडून वाचून घ्यायला हवं. रविवारपर्यंत अकरातली दहा पुस्तकं घरोघर गेली; अकरावं अपिलासाठी चावडीत राहिलं.

सोमवारी चावडीत पाय ठेवायला जागा नव्हती. कोंडाबाईनं पुरावा आणला. पुरावा काळ्या रंगाचा होता आणि त्याला शिंगं होती.

“काढा धार,” ती म्हणाली.

पेशकारांनी टोपी सारखी केली, धोतर सावरलं आणि तांब्या घेऊन ते उकिडवे बसले. त्यांनी फार अदबीनं प्रयत्न केला. तांब्यात एक थेंब पडला नाही. नेमके तेव्हाच साहेब आत आले.

“वाचनालय कुठं आहे?”

“हेच, साहेब,” मास्तर पुटपुटले.

“आणि हे काय चाललंय?”

“पुस्तकाचा इचार चालू हाय,” कोंडाबाईनं सांगितलं.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांनी ते पुस्तक वाचलेलं होतं आणि त्यांनाही आत्याचाच संशय होता. “सरका जरा,” असं म्हणून तेही बसले. शेळीनं त्यांच्या पाटलोणीवर लाथ घातली. मग कोंडाबाई बसली, “ये गं माय” म्हणाली आणि तांब्यात धारा वाजू लागल्या.

पेशकारांनी पुस्तक मागवलं. पहिल्या पानावर, आधीच्या हुकमाखाली, त्यांनी लिहिलं, ‘आत्याबाई बेकसूर. माझा फैसला चुकीचा होता.’

“कोंडाबाई,” ते म्हणाले, “त्या बाईला मी फुकट फासावर दिलं असतं.”

“पुस्तकातली बाई हाय ती, सायब.”

“तरीबी.”

चावडीत कुणी हसलं नाही. साहेबांनी रजिस्टरातली नवी नावं मोजली आणि कपाट झरीतच राहील असा शेरा लिहिला.

दुसऱ्या दिवशी पेशकार हुरुपानं पुस्तक न्यायला आले. कपाट रिकामं होतं; अकरावं पुस्तकही गेलं होतं. परत येणाऱ्या पुस्तकांसाठी रजिस्टरात चौदा नावं अगोदरच लागली होती.

“तुमचा नंबर आखाडात येईल,” मास्तर म्हणाले.

जिल्ह्याच्या कचेरीत तीस वर्षं लोक खटल्याची जवळची तारीख मागत पेशकारांसमोर हात जोडून उभे राहिले होते आणि पेशकारांनी त्यांच्याकडं मान वर करून बघितलं नव्हतं.

“मास्तर, जरा अलीकडं न्हाई का जमनार?” माणिकरावांनी हात जोडले.

मास्तरांनी रजिस्टरातून मान वर केली नाही. “तारीख दिलीय ना? तारखेला या.”