खोपकरांचे अठ्ठावीस इंच

आमच्या सुकापूरच्या सोसायटीतून कोणी विमानानं निघालं, की तिकिटापाठोपाठ पहिली भीती खोपकरांची. त्यांना पत्ता लागू नये म्हणून लोक काय वाट्टेल ते करतात. खालच्या मजल्यावरचे कामत 'जरा कर्जतला जाऊन येतो' असं सांगून दिल्लीला गेले. परत आले तर खोपकर गेटवर टेप घेऊन हजर.

टेप म्हणजे शिंप्याकडे असतो तो, पिवळा. तळोज्याच्या कारखान्यात खोपकरांनी अख्खी नोकरी माल तपासण्यात काढली. निवृत्तीनंतर तपासायला माल उरला नाही, म्हणून विमान कंपन्या हाती घेतल्या असाव्यात, असं आमचं मत. जाणाऱ्याच्या हातात टेप द्यायचा आणि आपल्या सीटपासून पुढच्या सीटपर्यंत मोजून आणायला सांगायचं. परतल्यावर उलटतपासणी. गुडघा टेकला का? पुढच्यानं सीट मागं टाकल्यावर टेकला का? गादीखालचा पत्रा लागतो का? "अंदाज नको, माप सांगा," हे पालुपद.

खाण्याचीही तीच तऱ्हा. कुणाचं तरी उरलेलं सँडविच त्यांनी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवलेलं मी या डोळ्यांनी पाहिलंय. कंपन्यांना नावंही त्यावरूनच. एक 'उपमावाली', एक 'थंड पाववाली' आणि एक 'नुसतं पाणीवाली'. गरम पाणी ओतल्यावर उपमा किती मिनिटांत फुगतो, तेसुद्धा वहीत लिहिलेलं.

मार्चमध्ये मला ऑफिसच्या कामाला कोलकात्याला जावं लागलं आणि टेप खिशात आलाच. विमानात मी तो काढलासुद्धा. शेजारच्या बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यात हवाई सुंदरी येऊन काही हरवलंय का विचारू लागली. मी टेप गुंडाळला तो परत काढलाच नाही.

परतलो तेव्हा डोकं फिरलेलंच होतं. खोपकरांनी दारातच गाठलं आणि मी दिलं ठोकून. बत्तीस इंच! उपमा वाफाळता, पाय पसरून झोपलो. खोपकरांच्या मागे वहिनी उभ्या होत्या. वहिनींनी पुन्हा विचारलं, खरंच बत्तीस? म्हटलं, खरंच. खोपकरांनी आकडा लिहून घेतला आणि मी सुटलो.

गेल्या गुरुवारी वहिनी जिन्यात भेटल्या. तीन वर्षांपूर्वी पळस्प्याजवळ स्कूटरवरून पडल्यापासून त्यांचा उजवा गुडघा वाकत नाही. एकेक पायरी उतरतात, पण त्या दिवशी चेहरा फुललेला होता.

"भावजी, तुमच्यामुळे निघाले मी," त्या म्हणाल्या. "रविवारी गुवाहाटीला."

त्यांची मुलगी तिकडे असते. नात अकरा महिन्यांची, अजून फोनवरच पाहिलेली. रेल्वेचे दोन दिवस झेपणार नाहीत आणि विमानात हा ताठ पाय ठेवू कुठे, म्हणून त्या वर्षभर नाहीच म्हणत होत्या. माझं बत्तीस ऐकलं आणि धीर आला. त्याच कंपनीची तिकिटं काढली.

म्हणजे ती वही, ते सँडविच, सगळं या पायासाठी होतं आणि आम्ही इतके दिवस दात काढत होतो. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. डोळ्यांपुढे एकच चित्र, वहिनी दोन सीटांच्या चिमटीत अडकल्यात आणि पाय ठेवायला जागा नाही. बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, इथे काय बसलाय, जाऊन सांगा. शनिवारी दुपारी गेलो.

दार उघडंच होतं. दिवाणखान्यात जेवणाच्या दोन खुर्च्या शेजारीशेजारी, आणि समोर चक्क कपाट ओढून आणलेलं. खिडकीकडच्या खुर्चीत वहिनी तिरप्या बसलेल्या, ताठ पाय शेजारच्या खोपकरांच्या मांडीवर. खोपकर त्या पायावरून हात लांब करून कपातला उपमा खात होते. मला पाहून वहिनी लाजल्या, पाय उतरवला आणि चहा टाकायला आत गेल्या.

मी बसलोसुद्धा नाही. "खोपकर, ते बत्तीस खोटं होतं. मी मोजलंच नव्हतं."

त्यांनी आधी स्वयंपाकघराकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "माहीत आहे. बाकी नऊ जणांचे अठ्ठावीस-एकोणतीस आलेत."

"मग लिहून कशाला घेतलंत?"

"वही ती वाचते. नऊ जणांना नाही म्हणाली, तुमच्या आकड्याला हो म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा चुकीचं माप पास केलं, राणे." त्यांनी कप खाली ठेवला. "आता एक मात्र खरं सांगा. दोन सीटच्या मधला हात टेकायचा दांडा वर होतो ना?"

"होतो. मी स्वतः केलाय. फक्त उडताना आणि उतरताना खाली करायला लावतात."

त्यांनी दोन खुर्च्यांमधल्या जागेवरून हात फिरवला. मग म्हणाले, "तेवढं सोसेल ती. बाकीचा वेळ पाय माझ्याकडे."

काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, इथे सराव चाललाय तो बत्तीस इंचांचा ना?

खोपकरांनी कपाटाकडे बोट दाखवलं. "अठ्ठावीसवर ठेवलंय. तिला बत्तीस सांगितलंय. महिनाभर रोज बसते आणि म्हणते, अहो, किती ऐसपैस आहे."