पाणवठ्यावरचा वाघ

एका जंगलात, मुलांनो, विसू नावाचा ससा राहत होता. त्याला चित्रकार व्हायचं होतं. कुणीतरी आपल्या चित्रासमोर उभं राहून "वा विसू, हुबेहूब" म्हणावं, एवढीच त्याची इच्छा होती.

पाणवठ्याशेजारी एक मोठा कातळ होता. विसूने गेरू, चुना आणि कोळसा जमवला आणि कातळावर वाघ काढला. वाघ भोपळ्यासारखा झाला.

पाण्यावर आलेली जनावरं पोट धरून हसली. हरणांनी वाघाला टेकून फोटो काढून घेतले. आबा रेडे म्हणाले, "विसू, ही शेपटी की देठ?"

विसू रडवेला होऊन सुगरणकाकूंकडे गेला. काकू बाभळीवर खोपा विणत होत्या.

"काकू, मला चित्र येत नाही."

"मग रोज काढ," काकू विणता विणता म्हणाल्या. "उजाडलं की बसायचं. मूड नसला तरी बसायचं. कालचं पुसायचं, आज नवं काढायचं. आणि डोळे सगळ्यात शेवटी."

"आणि मग?"

"मग काय, उद्या परत."

तुम्ही असता तर दुसऱ्याच दिवशी तुमचं पोट दुखलं असतं. विसूचं दुखलं नाही. थंडीत बोटं आखडली तरी तो बसला. माकडांनी 'आठवड्यात वाघ' नावाचा वर्ग काढला, तिकडे तो फिरकलाही नाही. हळूहळू पट्टे जागेवर आले, मग पंजे आले, मग मान.

"बरा आहे," आबा म्हणाले, "पण पहिल्यासारखी मजा नाही."

आणि एका सकाळी विसूचा हात बसला. त्याने सगळा वाघ काढला, शेवटी डोळे काढले, दोन पावलं मागे सरकून पाहिलं आणि तो किंचाळत झुडपात पळाला.

मग त्याला स्वतःचीच लाज वाटली. तो तिथेच बसून कौतुकाची वाट पाहू लागला.

हरणं आली, आणि आली तशी पळाली. आबांना वयामुळे पळता येत नसे, तेही पळाले. दुपारी खरा वाघ आला. "माफ करा हं, जागा घेतलेली दिसते," असं म्हणून तो पाणी न पिताच परत गेला.

विसूचा ऊर भरून आला. पण हे सांगायचं कुणाला? शेवटी कातळामागे उभा राहून तो ओरडला, "अहो, चित्र आहे हे. मी विसू बोलतोय."

"विसूला खाल्लं," लांबून आबा म्हणाले. "आतून आवाज येतोय बिचाऱ्याचा."

संध्याकाळी माळावर शोकसभा झाली. सगळे विसूच्या त्या पहिल्या भोपळ्याबद्दल फार हळवं बोलले. असा कलावंत पुन्हा होणार नाही, असं ठरलं. विसूने हे सगळं गवतात लपून ऐकलं आणि तो घळाघळा रडला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो कातळापाशी गेला आणि वाघ बिघडवायला बसला. पण बसलेला हात बिघडेना. डाव्या पंजाने काढला, तर वाघ जास्तच उग्र झाला. डोळे मिटून काढला, तर तो गुरगुरतोय असं वाटू लागलं. तेव्हा विसू पुन्हा रोज बसू लागला, मूड नसला तरी. पट्टे चुकवायचे, मान गिळायची, पोट फुगवायचं. फार मेहनत पडली.

अखेर एका सकाळी भोपळा जमला. तहानलेली जनावरं भीत भीत आली आणि हसत सुटली. हरणांनी पुन्हा फोटो काढले. जिवंत विसूला पाहून आबांनी त्याला मिठी मारली, मग ते चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "वा विसू, हुबेहूब. रोज बसलास म्हणून जमलं हो."

विसूने मान खाली घालून नमस्कार केला. खूश झालो की नाही, ते त्याला अजून कळलेलं नाही.

तात्पर्य : मुलांनो, सराव रोज, न चुकता करावा. त्याशिवाय लोकांना आवडेल इतकं वाईट काढता येत नाही.