मंदामावशींचा मागचा हात

आमच्या मंदामावशी माणसांना ढकलतात. ओळखीच्या, बिनओळखीच्या, कुणालाही. अट एकच, माणूस साठीच्या पुढचा हवा किंवा निदान तसा दिसायला हवा. मला पहिल्यांदा ढकललं तेव्हा मी पन्नाशीचीही नव्हते, हे मी अजून विसरलेले नाही.

नोएडातल्या आमच्या सोसायटीत, लिफ्टसमोर, भाजीची पिशवी घेऊन उभी होते. मावशी समोरून आल्या, माझ्या गळ्याखाली तळहात टेकवला आणि दिला एक झटका. मी एक पाऊल मागे, टोमॅटो जिन्यापर्यंत.

"एका पावलात सावरलीस. पास!"

मी भांडायला तोंड उघडलं, तेव्हा दिसलं की त्यांचा दुसरा हात माझ्या पाठीमागे होता. पाठीला न टेकता, नुसता तयार.

मावशी सरकारी इस्पितळात फिजिओथेरपिस्ट होत्या. पेशंटचा तोल तपासण्यात उभा जन्म गेला, मग निवृत्तीनंतर हातांना चैन कशी पडणार? गणपतीच्या आरतीला सगळे डोळे मिटतात, या टक्क उघडे ठेवतात. मिटल्या डोळ्यांनी कोण डुलतंय ते बघायला. "ती भक्ती नाही गं, कपूरसाहेबांची शुगर आहे. तळपाय बधिर झालेत बिल्कुल." सोफ्यावरून उठताना कुणी हात टेकला की ओरडतात, "हात नाही!" गेटवरचा चौकीदार तर त्यांना पाहताच खांब धरतो. "माताजी, आज छुट्टी दे दो."

निकालात मात्र दयामाया नाही. "निकाल म्हणजे निकाल. तोल गेला की एकटं राहणं बंद." समोरचे कुलकर्णीकाका नापास झाले आणि व्यायाम करणार नाही म्हणून हटून बसले, तेव्हा मावशींनी स्वतः त्यांच्या मुलाला पुण्याला फोन लावला. काका मुलाकडे राहायला गेले ते मावशींशी एक शब्द न बोलता. त्या दिवशी मावशी जेवल्या नाहीत.

त्या स्वतः एकट्याच राहतात. लग्न केलं नाही. नाशिकचा भाऊ कधीचा बोलावतोय, पण "माझं घर हे आहे" एवढंच उत्तर.

अलीकडे त्या भिंतीला हात लावून चालताना दिसू लागल्या. मी विषय काढला नाही. मग एका रविवारी सकाळी त्यांनीच मला घरी बोलावलं आणि दिवाणखान्याच्या मधोमध उभ्या राहिल्या.

"चलो, ढकल मला."

"मावशी, काहीतरीच काय!"

"यार, स्वतःला स्वतः ढकलता येत नाही. बघितलं करून. आणि जोरात हं. ओळखीची माणसं हळू ढकलतात, ते चालायचं नाही."

एक हात त्यांच्या पाठीमागे धरून मी ढकललं. एक पाऊल मागे, दुसरं, तिसरं, आणि मावशी सगळ्याच्या सगळ्या माझ्या मागच्या हातावर आल्या. किती हलक्या होत्या! मला रडूच आलं.

"मावशी, मी कुणाला सांगणार नाही."

"का नाही? नापास म्हणजे नापास." त्या खुर्चीत बसल्या. स्वतःच्या पावलांकडे बघत म्हणाल्या, "एकटं राहणं बंद."

मला वाटलं, आता नाशिक. मावशी उठल्या, हात न टेकता, दोनदा प्रयत्न करून. कपाटातून घराची दुसरी किल्ली काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. ती किल्ली त्यांनी आजवर कुणाला दिली नव्हती.

"रोज सकाळी येऊन ढकलायचं. मी एका पावलात सावरेपर्यंत. व्यायामाचं मी बघते." मग नजर चुकवून म्हणाल्या, "मागचा हात मात्र आज ठेवलास तसाच ठेव."