बदली चोलबे ना

सुनीती देवस्थळी चहाचं आधण ठेवत होती, तेवढ्यात रस्त्यावरच्या कर्ण्यातून तिचं गाणं सुरू झालं. तिचं म्हणजे अगदी तिचंच. कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवलेलं, भावानं पुण्याहून धाडलेलं आणि कलकत्त्याच्या अख्ख्या बेहाला भागात फक्त तिच्याकडे असलेलं.

“उचल पाऊल, उचल पाऊल, दिसू लागलं घर,
एक टेकडी उरली आता, तेवढी पार कर!”

तिनं आधी कपाट उघडलं. साड्या होत्या, तबकडी नव्हती. मग तिनं नवरा शोधला. तो वर्तमानपत्रामागे होता आणि वर्तमानपत्र उलटं होतं.

“अहो, माझी तबकडी दुर्गापूजेच्या मांडवात कशी गेली?”

“निताईदा आला होता.” निताईदा म्हणजे गल्लीतल्या क्लबचा सेक्रेटरी. “म्हणाला, दरवर्षी तीच तीच गाणी लावतो, यंदा तुमच्याकडचं काहीतरी द्या.”

“आणि तुम्ही दिलीत!”

“नाही कसं म्हणायचं गं?”

सगळी गोम इथेच होती. सदाशिव देवस्थळी बँकेतला हुशार अधिकारी, आकडेमोडीत वाघ. पण ‘नाही’ हा शब्द काही त्याच्या तोंडातून फुटायचा नाही. कर्ज नाकारायचं असलं तर तो समोरच्याला चहा पाजायचा, मग दुसरा चहा पाजायचा आणि तेवढ्यात त्याला आपलं आपणच कळेल अशी आशा करत बसायचा. कित्येक लोक नुसते चहालाच यायचे.

सुनीतीचा जीव त्या गाण्यात का अडकला होता, हेही सांगायला हवं. त्यांना कलकत्त्याला येऊन चार वर्षं झाली होती आणि या चार वर्षांत तिला घरची आठवण आली नाही असा दिवस उजाडला नव्हता. माणसं वाईट होती असं नव्हे. खाली राहणारी घरमालकीण, सगळ्या गल्लीची मासिमा म्हणजे मावशी, रोज वाटीत काही ना काही घेऊन वर यायची. पण सुनीतीला बोलायला हवं होतं. शब्दांची शोधाशोध न करता, न अडखळता, मनसोक्त. “मला एकदा, फक्त एकदा, भाजीवाल्याशी मराठीत भांडायचंय हो,” असं ती म्हणायची आणि बोलता बोलता तिचे डोळे भरून यायचे.

तिकडे महाराष्ट्रात या गाण्यानं नुसता धुमाकूळ घातला होता. न्हाव्याच्या दुकानात तेच, शाळेच्या गॅदरिंगमध्ये तेच, नवरदेव घोड्यावर बसला की बँडवाले तेच वाजवत. दत्तात्रय, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, लिहायचा, ‘ताई, आता कान किटले.’ इकडे ताई दर रविवारी दार लावून ती तबकडी वाजवायची, पदरानं डोळे पुसायची आणि पुन्हा आठवडाभर तग धरायची. सदाशिवनं पुण्याला बदली मागितली होती. उत्तराची वाट बघायची आणि गाणं ऐकायचं, एवढंच तिच्या हातात होतं.

आणि ते गाणं आता मांडवात!

षष्ठीला ते एकदा वाजलं. सप्तमीला लोकांनी पुन्हा लावायला लावलं. अष्टमीला मांडवातल्या ढाकवाल्यांनी आपल्या ढोलांवर त्याचा ठेका उचलला, आणि मग काय विचारता! अर्थ कुणाला कळत नव्हता, पण चाल अशी की मेलेला माणूसही उठून चालू लागावा. विसर्जनाच्या मिरवणुकीत सगळा बेहाला नाचत होता, “उचोल पाऊल, उचोल पाऊल, दिशू लागलो घोर!” मासिमा गुडघे धरून नाचली. सुनीती गॅलरीतून बघत होती. तिला हसूही येत होतं आणि चिडायलाही होत होतं.

विसर्जनाहून परतताना निताईदानं सदाशिवच्या गळ्यात हात टाकला.

“देबोस्थोलीबाबू, दारुण गाणं! पण अर्थ काय हो याचा?” बंगालीत दारुण म्हणजे झकास.

आता याचा अर्थ सरळ आहे. घर जवळ आलं, उचल पाय आणि नीघ. पण निताईदाचे डोळे पाण्यानं भरलेले, शेजारी मासिमा, वर “तुम्ही आता आमचेच” असं चाललेलं. आणि बदलीचा अर्ज मुंबईला पोचलेला. सदाशिव चाचरत म्हणाला,

“म्हणजे असं की... मित्रा, जाऊ नकोस. इथेच राहा.”

“आहा हा!” निताईदानं त्याला मिठीच मारली.

झालं. ही थाप गाण्यापेक्षा वेगानं पसरली. क्लबच्या फुटबॉल संघाचा लाडका गोली दुसऱ्या क्लबात जायला निघाला, तर पोरांनी त्याच्या दारात हे गाणं म्हटलं आणि गडी राहिला. ट्रामचा कंडक्टर उतरणाऱ्या बायकांना म्हणून दाखवू लागला. गल्लीतली एक मुलगी सासरी पाठवताना तिच्या बापानं रडत रडत म्हटलं. “उचल पाऊल, दिसू लागलं घर,” असं म्हणत तो पोरीचा हात सोडत नव्हता. सुनीतीही त्या लग्नाला होती. तिला वाटलं, बरोबरच म्हणतोय की, सासरचं घर दिसू लागलंय! नवऱ्याची थाप तिला ठाऊकच नव्हती.

थंडीत बदलीचा हुकूम आला. पुणे!

सुनीतीनं हुकुमाचा कागद देवापुढे ठेवला, मग उचलून पुन्हा वाचला, मग पुन्हा ठेवला. ट्रंक काढली. भांडी पोत्यात बांधायला घेतली. आणि आनंदाच्या भरात खाली जाऊन मासिमाला सांगितलं. मासिमानं पदर डोळ्याला लावला आणि दुसऱ्या हातानं निताईदाला बोलावणं धाडलं.

दुसऱ्या दिवशी बँक उघडली आणि तासाभरात तिला घेराव पडला. त्या दिवसांत कलकत्त्याला घेराव म्हणजे रोजचीच गोष्ट. साहेबाला खोलीत कोंडायचं, बाहेर ठाण मांडायचं आणि मागणी मान्य होईपर्यंत त्याला हलू द्यायचं नाही. पण अधिकाऱ्याची बदली थांबवायला त्याच्या शेजाऱ्यांनी घातलेला घेराव मॅनेजर चाकलादारांनी पहिल्यांदाच पाहिला.

“बदली चोलबे ना! चोलबे ना, चोलबे ना!”

आणि दोन घोषणांच्या मध्ये, शेदीडशे गळ्यांतून, “उचोल पाऊल, उचोल पाऊल!”

चाकलादार घाम पुसत म्हणाले, “देवस्थळी, मला रक्तदाब आहे. खरं सांगा, तुम्हाला राहायचंय ना इथे?”

सदाशिवनं काचेतून बाहेर पाहिलं. निताईदानं त्याच्याकडे बघून छातीवर हात ठेवला.

“हं,” सदाशिव म्हणाला.

“मग प्रश्नच मिटला! मुंबईला ट्रंक कॉल लावतो, रद्द करून घेतो.” आणि त्यांनी कॉल बुक केला.

ट्रंक कॉल लागायला तेव्हा वेळ लागायचा, म्हणून ही गोष्ट पुढे सरकली. नाहीतर इथेच संपली असती.

सुनीतीला बातमी कळली तेव्हा ती पोत्याला टाके घालत होती. हातातला दाभण तसाच घेऊन ती बँकेपर्यंत चालत आली. गर्दीनं “बौदी आली, बौदी आली” करत आपल्या या वहिनीला वाट करून दिली. मासिमानं तिला कवटाळलं. “रडू नकोस गं. तुला नाही जाऊ देणार. ऐक, तुझंच गाणं म्हणतोय आम्ही.”

“पण हे गाणं कशाला म्हणताय?”

“जाऊ नकोस म्हणून!”

सुनीतीनं काचेपलीकडच्या नवऱ्याकडे पाहिलं. नवरा छताच्या पंख्याकडे बघत होता. थंडीत पंखा बंद होता. तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

ती बाकावर चढली. बंगाली येईल तेवढं, पुढे हिंदी, तेही संपलं की हातवारे. “उचल पाऊल,” ती म्हणाली आणि पाय उचलून दाखवला. “दिसू लागलं घर,” आणि लांब, पार बँकेच्या भिंतीपलीकडे बोट केलं. “टेकडी. एकच उरली. ती पार कर. मग घर. याचा अर्थ जाऊ नकोस असा नाही हो. याचा अर्थ जा, घरी जा.” आणि मग तिचा आवाज फुटला. “मला घरी जायचंय, निताईदा. चार वर्षं झाली. तुम्ही सगळे चांगले आहात, पण मला माझ्या घरी जायचंय.”

मासिमानं चष्मा काढला.

“म्हणजे पूजेपासून आम्ही सगळे तुला ‘घरी जा, घरी जा’ म्हणतोय?”

“हो.”

“आणि तू ऐकून घेत होतीस? बाप रे! काय वाटलं असेल तुला!”

“बरं वाटायचं,” सुनीती म्हणाली आणि रडता रडता हसली.

निताईदानं नाक पुसलं, मूठ वर केली आणि त्याच दमात ओरडला, “बदली चोलबे!”

“चोलबे, चोलबे!” सगळा बेहाला गरजला.

नेमकं त्याच वेळी चाकलादार खोलीतून धावत बाहेर आले. “लागला! कॉल लागला! लाइनवर आहेत! आत्ता रद्द करून घेतो!”

“खबरदार!” शेदीडशे माणसं त्यांच्यावर धावली. बिचारे चाकलादार. त्यांना त्या दिवशी दोन घेराव झाले, एक बदली रद्द करायला आणि एक न करायला. संध्याकाळपर्यंत त्यांनी सदाशिवला कामातून मोकळं केल्याचं सही-शिक्क्यानिशी लिहून दिलं, तेव्हा कुठे त्यांना घरी जाता आलं.

हावड्याला मुंबई मेल सुटताना सगळे फलाटावर होते. ढाकसुद्धा होता. या वेळी त्यांनी गाणं बरोबर अर्थानं म्हटलं, त्यामुळे निम्म्यांना ते पुरं करता आलं नाही. सुनीतीनं तबकडी निताईदाच्या हातात ठेवली. “क्लबला राहू दे. पुण्यात दुसरी मिळेल.”

पुण्यात दुसरी मिळाली. भाजीवालाही मिळाला. सुनीती पहिल्याच दिवशी पदर खोचून मंडईत गेली, चार वर्षं साठवलेलं सगळं मराठी घेऊन. “काय हो, वांगी किडकी दिसतायत!”

“मग घेऊ नका,” भाजीवाला म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

भांडण संपलं. बेहाल्यातला भाजीवाला अशा वेळी छातीवर हात ठेवून दुखावला असता, वांग्याचं कूळ-मूळ सांगितलं असतं, तिच्या तब्येतीची चौकशी केली असती आणि वर चार मिरच्या टाकून गाणं म्हटलं असतं. सुनीती रिकामी पिशवी घेऊन घरी आली. ती गप्प का झालीय हे सदाशिवला न विचारताच कळलं. संध्याकाळच्या चहाला रोज कुणीतरी खालून वाटी घेऊन येईल असं वाटून तोही दाराकडे बघायचा.

एका रविवारी दत्तात्रय आला. त्याला दाखवायला म्हणून सुनीतीनं नवी तबकडी लावली. गायिकेनं पहिली ओळ म्हटली, दुसरी म्हटली. सुनीतीनं कपाळाला आठ्या घातल्या, उठून सुई उचलली आणि बंद करून टाकलं.

“काय गं ताई? तुझंच आवडतं ना?”

“हिला जमत नाही नीट.”

ती स्वयंपाकघरात गेली. आधण ठेवता ठेवता तिनं आपलं आपण हळूच म्हणायला सुरुवात केली. बाहेर सदाशिव वर्तमानपत्र बाजूला ठेवून ऐकत राहिला.

“उचोल पाऊल, उचोल पाऊल, दिशू लागलो घोर...”

दत्तात्रय खो खो हसला. “ताई, चुकतेयस! ‘दिसू लागलं घर’ आहे ते.”

“असेल तुमच्याकडे,” आतून सुनीती म्हणाली. “आमच्याकडे असंच म्हणतात.”