बोरवाडीची रिकामी पाटी

बोरवाडीची पोरं आट्यापाट्याला आठच जण उतरायची. पाट्या मात्र नऊ. राखेनं आखलेल्या एकेका पाटीवर एकेक गडी उभा राहणार, समोरच्यांनी त्यांना चुकवत शेवटची पाटी ओलांडायची; ओलांडली की डाव जिंकला. बोरवाडीची शेवटची पाटी रिकामी असे, कारण ती म्हसोबा राखतो असं गावाचं म्हणणं. पाटीच्या पलीकडं त्याचा शेंदूर फासलेला दगड होताच. परगावची पोरं आठ पाट्या धडाधड पार करून तिथवर येत आणि तिथं त्यांचे पाय उचलत नसत. असा गडी कुणाला नको? पगार नाही, कुरकुर नाही, वर्षाकाठी गूळ-खोबरं दिलं की झालं.

निजामाच्या राज्यात शाळेला सुट्टी शुक्रवारी. अशाच एका शुक्रवारी चाकूरची नऊ पोरं दोन कोस चालत बोरवाडीला खेळायला आली. पाच सालं ती इथं हारत होती. त्यातल्या उद्धवची तर हारण्यात हयात गेली होती, आणि हयात म्हणजे अकरा वर्षं. विटीदांडूत हारला, गोट्यांत हारला. एकदा, निदान एकदा जिंकून घरी जावं, याखेरीज त्याला काही नको होतं.

या खेपेला चाकूरच्या माणिकप्पानं, म्हणजे त्यांच्या म्होरक्यानं, हुज्जत घातली.

"पाटी राखायची पाळी आमची आली, तर म्हसोबा कुणाकडून?"

पंच होता म्हसोबाचा म्हातारा पुजारी, महादेवप्पा. त्यानं डोळे मिटले, बराच वेळ मिटले. झोपला की काय असं वाटायला लागलं.

"देव काय कुणाचा गडीमाणूस हाय का? जो पाटी राखल, त्याच्याकडून," तो म्हणाला.

बोरवाडीच्या श्रीमंतचं तोंड उतरलं. तोही त्यांचा म्होरक्याच, जन्मात न हारलेला. पण पंचाचा फैसला तो फैसला.

आधी राखायची पाळी चाकूरची आली. माणिकप्पा उद्धवला म्हणाला, "उद्ध्या, तुझा तसाबी उपेग न्हाई. शेवटच्या पाटीवर जा. म्हसोबाला सोबत व्हईल."

उद्धव गेला. दिवस कलला होता, वारा पडला होता. थोड्या वेळानं त्याच्या मानेवर गरम श्वास आला. मागं वळून बघायची त्याची छाती झाली नाही. पुन्हा आला. त्याला रडू फुटायच्या बेतात होतं, तेवढ्यात आठ पाट्या पार करून श्रीमंत समोर आला आणि थबकला. त्याची नजर उद्धववर नव्हती, उद्धवच्या डोक्याच्या हातभर वर होती. मग तो उलट्या पावली मागं गेला. दुसरा आला, तोही गेला. आठही जण तसेच गेले.

"काय बघायलास रे?" उद्धवनं शेवटच्याला विचारलं. तो आणखी दोन पावलं मागं सरला.

मग पाळी बदलली. आता बोरवाडी राखणार, म्हसोबा त्यांच्याकडून. माणिकप्पा आणि बाकीचे दरसालाप्रमाणं रिकाम्या पाटीपर्यंत गेले आणि दरसालाप्रमाणं तिथं खिळले. उद्धव सगळ्यांत मागून धापा टाकत आला. भीती त्यालाही होती, लई होती. पण इतका वेळ संगं उभं राहिल्यावर काहीतरी ओळख म्हणून असतेच ना?

"येऊ का?" त्यानं हळूच विचारलं. कुणी नको म्हणालं नाही. तो चालत पाटी ओलांडून गेला.

चाकूर जिंकलं. पण ओरडलं कुणीच नाही.

महादेवप्पा उठला, दगडासमोर वाकला, कान देऊन ऐकल्यासारखं केलं आणि म्हणाला, "हितं आता कुणी न्हाई. तुमच्याकडं आला त्यो. घेऊन जावा."

माणिकप्पानं दोन्ही हात हलवले. "न्हाई, न्हाई, आमीच हारलो. बिलकूल हारलो."

"असं कसं? जितलाव तुमी," श्रीमंत घाईघाईनं म्हणाला. हारल्याचा इतका आनंद त्याला कधी होईल असं त्याला वाटलं नव्हतं.

"मागच्या पाच सालांचं धरून हारलो म्हणतो की."

"आवो, न्हाई. तुमची जीत तुमाला मुबारक."

जिंकणं असं या हातातून त्या हातात फिरायला लागलं. उद्धवला ते सोसवेना. "मी हारलो न्हाई," तो म्हणाला. "कुणाला नको असल तर माझी एकट्याची जीत. मी नेतो."

त्यानं चाकूरची वाट धरली. बाकीचे आठ जण वाट सोडून ज्वारीच्या रानातून पळाले. उद्धव दोन कोस एकटा चालला. मागं पावलं वाजत होती. तो थांबला की तीही थांबत.

दिवेलागणीला घर आलं. त्याची आई विठाबाई दारातच उभी होती.

"आज बी हारून आलास का रं?"

"न्हाई. जिंकलो." बोलताना त्याचं ऊर भरून आलं.

विठाबाईनं कंदील वर धरला, मग आणखी वर धरला, आणि घाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

"असं भाईर काऊन उभं केलास त्यास्नी?" ती हलक्या आवाजात म्हणाली. "आत बोलव. आन म्हणावं, चौकट बुटकी हाय, जरा वाकून या."