दातांच्या डॉक्टरांचं सुतारकाम

"आधी घरातलं एक काम धड करून दाखवा, मग खुशाल विका तो दवाखाना," बायको म्हणाली आणि डॉक्टर बाह्या सरसावून उठलेच.

पन्नाशीत आलेल्या या दातांच्या डॉक्टरांना लोकांच्या तोंडांचा वीट आला होता. अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या जबड्यात वाकून गेलं, पण कोणी कधी हसून पाहिलं नाही. तोंडात बोळे कोंबल्यावर माणूस हसणार तरी कसा म्हणा! लाकडाचं बरं, ते ओरडत नाही की थुंकत नाही. गेले काही रविवार ते एका मिस्त्रींच्या हाताखाली रंधा मारायला शिकत होते. घराखालचा दवाखाना विकत घ्यायला एक तरुण डॉक्टरीण तयार होती आणि संध्याकाळी तिला पक्का होकार द्यायचा होता.

बायकोनं परीक्षेला बाथरूमची कडी दिली. कडी आतून चौकटीतल्या ज्या भोकात सरकायची, ते भोक झिजून एवढं मोठं झालं होतं की नुसत्या धक्क्यानं दार उघडायचं. मिस्त्रींनी तिथे लाकडाचा तुकडा बसवला असता. डॉक्टर खाली गेले आणि दातांत भरायचं सिमेंट घेऊन आले. भोक खरवडलं, कापसानं टिपलं, सिमेंट ठासून भरलं आणि मधोमध कडीपुरती वाट ठेवली. काम इतकं सुबक झालं की डॉक्टर स्वतःवरच खूश झाले. तेवढ्यात खांद्यावर टॉवेल टाकून, चहाबरोबरचं बिस्किट हातात घेऊन सासरे आले.

"झालं का, जावईबापू?"

"झालं. फक्त दोन तास काही चावू नका," डॉक्टर सवयीनं बोलून गेले.

सासरे आज्ञाधारक. त्यांनी बिस्किट बशीत परत ठेवलं, आत गेले आणि कडी लावली. तेव्हा सिमेंट ओलं होतं. आंघोळ होईपर्यंत त्याचा दगड झाला.

"जावईबापू, कडी सरकत नाही!"

"जोर लावा, बाबा!"

"लावला! मूठ हातात आली!"

बायकोनं नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि मिस्त्रींना फोन लावला. मिस्त्री आले ते गालाला मफलर गुंडाळून. त्यांची दाढ ठणकत होती. दाराच्या फटीत पटाशी काही शिरेना. "चौकट फोडावी लागणार," असं म्हणून त्यांनी हातोड्याचा पहिला घाव घातला आणि स्वतःच गाल धरून खाली बसले.

"कोण विव्हळलं? दाराला काय झालं?" आतून सासरे.

"दाराला काही नाही झालं, बाबा," बायको ओरडली, "मिस्त्रींना झालंय!"

"चला खाली," डॉक्टर म्हणाले.

"आणि मी?"

"आलोच, बाबा!"

खाली खुर्चीत बसवल्यावर दाढ कधी निघाली ते मिस्त्रींना कळलंही नाही. डॉक्टरांचा हात असा सरसर चालत होता, जसा रंध्यावर एकाही रविवारी चालला नव्हता. हात धुताना त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. अरुंद फट आणि आत घट्ट बसलेलं सिमेंट, हे तर रोजचंच काम! कवळ्या घासायचं छोटं मशीन घेऊन ते मिस्त्रींसकट वर धावले आणि दारापाशी गुडघे टेकून बसले.

"थोड्या झिणझिण्या येतील, बाबा. श्वास नाकानं घ्या."

"मला कशाला येतील झिणझिण्या?"

पांढरी भुकटी खाली पडली आणि दार अलगद उघडलं. सासरे बाहेर आले ते थेट बशीकडे. "आता चावू का?"

सगळे हसले. मिस्त्रीही, गालात कापूस होता तरी. मग ते जरा पुढे सरकले.

"डॉक्टर, खरं सांगू? भुशाचा नि पाठदुखीचा मलाही कंटाळा आलाय. तुमचं काम कसं सोपं. चिमटा लावला की झालं! मला शिकवाल का? येत जाईन सुट्टीच्या दिवशी."

डॉक्टर ताडकन उभे राहिले. "काय बोलताय, मिस्त्री! हे काय हौसेनं करायचं काम आहे? हात बसायला उभी हयात जाते! उद्या कोणीही उठेल आणि माझ्या खुर्चीपाशी येऊन उभा राहील?"

सासऱ्यांचं बिस्किट तोंडाशी थांबलं.

"मग त्या डॉक्टरीणबाईंना काय कळवू?" बायकोनं शांतपणे विचारलं.

डॉक्टरांचे कान लाल झाले. त्यांनी मिस्त्रींचा गाल हातात धरून कापूस नीट बसवला आणि तिच्याकडे न बघताच म्हणाले, "कळव की दवाखाना चालू आहे."